ग्दान्स्कला पहिल्यांदा येताय? मग सुरुवात पाण्याकडून करा

पोलंड बघायला येणारी आपली मंडळी साधारण वॉर्सा करतात, क्राकोव्ह करतात, मिठाची खाण बघतात आणि परत जातात. नकाशात अगदी वर, बाल्टिक समुद्राला टेकलेलं ग्दान्स्क राहूनच जातं आणि मला ह्याचं दरवेळी वाईट वाटतं. चार वर्षं झाली मी इथे राहतेय, घरी येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी तेच पाच-सहा प्रश्न विचारतो आणि जाताना म्हणतो, अगं अजून दोन दिवस हवे होते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. किती दिवस, कुठून सुरू करायचं, काय आधी, काय नंतर, काय सुटलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोटोत जी रंगीत, उंच, अरुंद, सोनेरी नक्षीची घरं दिसतात ना, ती चारशे वर्षं जुनी वाटतात पण त्यातली बहुतेक १९४५ नंतर बांधलेली आहेत. त्या वर्षी मार्चमध्ये हे शहर जळालं, जुन्या भागातलं जवळजवळ नव्वद टक्के पडलं, आणि मग लोकांनी विटांच्या ढिगाऱ्यातून ते परत उभं केलं. काही पाहुण्यांना हे कळलं की थोडं फसवल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. इथला प्रत्येक दरवाजा, प्रत्येक कमान कुणीतरी ठरवून, जुनी चित्रं आणि फोटो बघून परत बसवलीय, आणि तेही अशा काळात जेव्हा डोक्यावर धड छप्पर नव्हतं. हे मनात ठेवून फिरा, शहर वेगळंच दिसतं.

येण्याआधी

व्हिसा शेंगेनचा लागतो, पण चलन युरो नाही, झ्लॉटी आहे, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी थोडे सुटे पैसे जवळ असू द्या. एटीएममधून पैसे काढताना मशीन विचारतं की हिशोब तुमच्या चलनात करू का, तेव्हा नाही म्हणायचं, झ्लॉटीतच ठेवायचं, नाहीतर मधल्या मध्ये बरेच पैसे कापले जातात.

महिना कुठला? माझं मत मेअखेर ते जून, नाहीतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे एका दिवसात दोन दिवसांचं फिरून होतं. जुलैच्या शेवटापासून तीन आठवडे संत डॉमिनिकची जत्रा भरते, १२६० पासूनची परंपरा आहे तिला, रस्तेच्या रस्ते दुकानांनी भरतात आणि मजा असते, पण हॉटेलचे भाव चढतात आणि चालायला जागा नसते. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार. कुठल्याही महिन्यात या, एक वाऱ्याला अडवणारं जॅकेट हवंच. थंडी सोसते, बाल्टिकवरून येणारा वारा सोसत नाही.

दिवस किमान तीन पूर्ण. मालबोर्कचा किल्ला करायचा असेल तर चार.

अजून एक, रविवार. पोलंडमध्ये वर्षातले मोजके रविवार सोडले तर मॉल आणि मोठी दुकानं रविवारी बंद असतात. शनिवारी रात्री पोचणार असाल तर दूध, ब्रेड, फळं आधीच घ्या. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उघडी असतात, पण तिथे सगळं मिळेलच असं नाही.

पोचल्यावर

विमानतळाला लेख वावेन्साचं नाव आहे (आपल्या पेपरात लेक वालेसा लिहायचे तेच), तो कोण ते पुढे येईलच. विमानतळाच्या दारातूनच गाडी मिळते, कधी थेट शहरात जाते, कधी मध्ये व्झेश्च नावाच्या स्टेशनवर बदलावी लागते. वॉर्साहून येत असाल तर फास्ट ट्रेनने अडीच-तीन तास. उतरायचं स्टेशन ग्दान्स्क ग्वुव्नी, म्हणजे मुख्य स्टेशन, हे नाव नीट लक्षात ठेवा कारण ग्दान्स्क ह्या शब्दाने सुरू होणारी बरीच स्टेशनं आहेत आणि घाईत माणूस कुठेही उतरतो.

लोकल आणि ट्रामच्या तिकिटाचं एक बघा. तिकिटावर वेळ छापलेली नसेल तर ते मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर दंड होतो. हे इथे आलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाच्या बाबतीत एकदा घडतं, तपासनीस ऐकून घेत नाहीत.

राहायला शक्यतो जुन्या गावाच्या आसपास बघा, किंवा मग व्झेश्चमध्ये, तिथे भाडं कमी आणि लोकल दारात.

पाच मिनिटांचा इतिहास, हा वगळू नका

ग्दान्स्कचा पहिला लेखी उल्लेख ९९७ सालचा. पोलंडची मोठी नदी विस्तुला (इथे विस्वा म्हणतात) जिथे समुद्राला मिळते तिथेच हे गाव आहे, आणि सगळं रहस्य ह्या एका वाक्यात आहे. आतल्या सुपीक मुलखातला गहू, राय, लाकूड तराफ्यांवरून नदीने खाली यायचं, इथल्या कोठारांत साठायचं आणि डच जहाजांतून ॲमस्टरडॅमला जायचं. ज्याच्या हातात हे बंदर, त्याच्या हातात ह्या मुलखाची तिजोरी. म्हणून प्रत्येकाला ते हवं होतं. १३०८ मध्ये ट्युटॉनिक नाईट्सनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने ते बळकावलं. १३६१ च्या सुमारास उत्तरेतल्या व्यापारी शहरांच्या हॅन्सा नावाच्या युतीत गाव सामील झालं. १४५४ मध्ये इथल्या व्यापाऱ्यांनी नाईट्सना झुगारून पोलंडच्या राजाचा आसरा घेतला, पण बदल्यात स्वतःचे हक्क, स्वतःची नाणी, स्वतःचा कारभार मागून घेतला, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं म्हणजे ह्या शहराचा सुवर्णकाळ. जर्मन बोलणारे व्यापारी, पोलिश सरदार, डच कारागीर, स्कॉटिश फेरीवाले, धर्मछळातून पळून आलेले मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती, सगळे इथे.

१७९३ मध्ये पोलंडची वाटणी होऊन हे प्रशियाकडे गेलं आणि नाव रूढ झालं डान्झिग. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड परत जन्माला आला, पण डान्झिगमध्ये बहुसंख्य जर्मन, म्हणून १९२० मध्ये ते ना जर्मनीला दिलं ना पोलंडला, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली स्वतंत्र शहर केलं. ती तडजोड एकोणीस वर्षं टिकली. १ सप्टेंबर १९३९ ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास ह्याच बंदराच्या तोंडाशी दुसऱ्या महायुद्धाचे पहिले तोफगोळे पडले. १९४५ नंतर उरलेल्या जर्मनांना जावं लागलं आणि रिकाम्या, जळक्या शहरात पोलिश लोक आले, त्यातले बरेच स्वतःच पूर्वेकडच्या गावांतून, विल्नियसमधून वगैरे घर सोडून आलेले. म्हणजे ज्यांनी हे गाव परत बांधलं, त्यातल्या खूप जणांनी ते आधी कधी बघितलंही नव्हतं.

पहिली संध्याकाळ: तिकीट नाही, नुसतं चालायचं

गाइडबुकं सांगतात की सोनेरी दरवाजातून आत शिरा आणि राजमार्गाने नदीकडे जा. राजे तसेच यायचे, जमिनीकडून, वाजतगाजत. पण माल यायचा पाण्याकडून, आणि शहर पोसलं ते मालाने, म्हणून मी पाहुण्यांना उलट आणते. थेट मोत्वावा नदीवर जा. ओवोव्यांका नावाच्या बेटावर जायला पादचारी पूल आहे, तो बोटींसाठी ठराविक वेळेला वर उचलला जातो, अडकलात तर उभं राहून बघा, छान दिसतं. बेटावरून वळून समोर बघा. हे दृश्य जहाजावरच्या खलाशाला दिसायचं.

समोर काळपट लाकडाचा, दोन जाड विटांच्या बुरुजांमध्ये धरलेला जो अवाढव्य आकार पाण्यावर झुकलेला दिसतो तो झुराफ, म्हणजे मध्ययुगीन क्रेन. १४४२ ते १४४४ मध्ये बांधली. आत उंच लाकडी चाकं आहेत आणि त्यात माणसं चालायची, पिंजऱ्यातली खार चालते तशी, आणि त्या चालण्यावर टनावारी माल आणि जहाजांच्या डोलकाठ्या वर चढायच्या. १९४५ मध्ये लाकूड जळालं, विटा उरल्या, मग परत बांधली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये आतलं म्युझियम पुन्हा उघडलंय, दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आत जाच, चाकाशेजारी उभं राहिल्यावर त्या मजुरांच्या पायांची कल्पना येते.

बेटाला लागून सोवदेक नावाची जुनी बोट उभी आहे. युद्धानंतर ग्दान्स्कच्या गोदीत बांधलेलं हे पहिलं समुद्री जहाज, १९४८ मध्ये पाण्यात उतरलं, कोळसा वाहायचं. इंजिनरूमपर्यंत उतरता येतं, मुलं बरोबर असतील तर तासभर सहज जातो.

आता अलीकडे परत या आणि नदीकाठाने चालताना एक निरीक्षण करा. जुन्या गावातल्या आडव्या गल्ल्या नदीवर येऊन दरवाज्याने संपतात. प्रत्येक गल्लीला तिचा पाणदरवाजा. त्यातल्या मार्यात्स्का दरवाज्यातून आत शिरा. ही मार्यात्स्का गल्ली माझी सगळ्यात लाडकी, संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर जा. घरांपुढे दगडी ओटे, त्यांना कोरीव कठडे, आणि पावसाचं पाणी सोडायला दगडी प्राण्यांची तोंडं. आपल्याकडे वाड्यापुढे ओसरी असायची तसंच काहीसं, घर आणि रस्ता ह्यांच्या मधली जागा.

दुसरा दिवस: जुनं गाव आतून

सकाळी लवकर मार्यात्स्का गल्लीच्या टोकाचं सेंट मेरी चर्च. विटांनी बांधलेल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक, १३४३ ला काम सुरू झालं आणि १५०२ ला संपलं. आत पांढरा शुभ्र, उंच, मोकळा अवकाश. उत्तरेकडच्या बाजूला पंधराव्या शतकातलं खगोलशास्त्रीय घड्याळ आहे, तारीख, तिथी, चंद्राच्या कला, संतांचे दिवस सगळं दाखवणारं, हान्स ड्युरिंगर नावाच्या कारागिराने केलेलं. दंतकथा अशी की असं घड्याळ त्याने दुसऱ्या गावाला करून देऊ नये म्हणून त्याचे डोळे काढले. दंतकथाच ती, पण इथे प्रत्येकजण सांगतो.

मनोऱ्याला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे बरे असतील तर चढा, कारण वरून एका बाजूला लाल छपरं आणि दुसऱ्या बाजूला गोदीच्या क्रेन एकदम दिसतात, आणि हे शहर म्हणजे ह्या दोनच गोष्टी आहेत.

ह्याच चर्चमधलं एक चित्र आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हान्स मेमलिंगचं 'अंतिम न्याय', चर्चमध्ये त्याची नक्कल ठेवलीय. फ्लोरेन्सच्या मेदिची बँकेच्या माणसासाठी काढलेलं हे चित्र जहाजाने निघालं होतं, १४७३ मध्ये ग्दान्स्कच्या पाउल बेनेके नावाच्या दर्यावर्दीने ते जहाजच पकडलं आणि चित्र इथल्या चर्चला मिळालं. इटलीवाल्यांनी परत मागितलं, इथल्यांनी दिलं नाही. चित्रांची थोडीही आवड असेल तर संग्रहालयात जाऊन मूळच बघा, पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे.

मग द्वुगी तार्ग, म्हणजे लांब बाजार. इथे नेपच्यूनचं कारंजं, १६३३ पासूनचं, सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा. पण खरं बघायचं ते मागे. आर्तुस कोर्ट ही व्यापाऱ्यांची बैठकीची जागा, आत साडेदहा मीटर उंच, शेकडो रंगीत फरशांची सोळाव्या शतकातली शेगडी आहे. शेजारच्या टाउन हॉलमध्ये लाल दिवाणखान्यात जा आणि मान वर करून छतामधलं मधलं चित्र बघा, १६०८ चं. खाली पोलिश सरदार आणि ग्दान्स्कचा व्यापारी हात मिळवतायत, मागे विस्तुला डोंगरातून समुद्रापर्यंत वाहतेय, तिच्यावर धान्याचे तराफे, आणि वर ढगातून एक हात येऊन शहराच्या मनोऱ्याला धरतोय. मी वर जे पाच मिनिटांत सांगितलं ते ह्या माणसाने एका चित्रात सांगितलंय. इमारत जळाली पण ही चित्रं युद्धातच आधी काढून दूर नेली होती म्हणून वाचली.

जाता जाता, तापमानाचं फॅरनहाइट ज्याच्या नावाने आहे तो ह्याच गावात १६८६ मध्ये जन्मला, तत्त्वज्ञ शोपेनहॉवरही इथलाच. आणि हेवेलियुस, ज्याचा बिअर बनवायचा धंदा होता आणि ज्याने घरांच्या छपरावर वेधशाळा उभारून चंद्राचे नकाशे काढले. त्याची बायको एल्झबिएता त्याच्या बरोबरीने वेध घ्यायची, आणि तो गेल्यावर त्याचं अर्धवट राहिलेलं काम तिनेच छापून आणलं. हेवेलियुसचा पुतळा जुन्या टाउन हॉलसमोर आहे, वाटेत पडतो.

गोदी: इथे अर्धा दिवस ठेवाच

आता वावेन्सा. मुख्य स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की गोदीचं गेट नंबर दोन येतं. समोर तीन उंच क्रॉस, ४२ मीटरचे, वर नांगर लटकवलेले. डिसेंबर १९७० मध्ये ऐन ख्रिसमसच्या तोंडावर सरकारने खाण्यापिण्याचे भाव वाढवले, कामगार रस्त्यावर आले आणि सरकारने गोळ्या घातल्या. किनाऱ्यावरच्या शहरांत मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यांची ही आठवण, आणि ती उभी राहायला दहा वर्षं जावी लागली.

ऑगस्ट १९८० मध्ये आन्ना वालेन्तिनोविच ह्या क्रेन चालवणाऱ्या बाईला पेन्शनला काही महिने राहिलेले असताना कामावरून काढलं. १४ ऑगस्टला संप. वावेन्सा हा आधीच नोकरी गेलेला इलेक्ट्रिशियन, तो आत आला आणि पुढारी झाला. पण मला इथे नेहमी बायकांची गोष्ट सांगावीशी वाटते. दोनच दिवसांत गोदीच्या मागण्या मान्य झाल्या, पगारवाढ मिळाली, संप संपला असं जाहीर झालं, माणसं घरी निघाली. तेव्हा आन्ना, नर्स आलिना पिएन्कोव्स्का आणि ट्राम चालवणारी हेन्रिका क्शिव्होनोस ह्या तिघी आडव्या आल्या की बाकीच्या छोट्या कारखान्यांचं, ट्रामवाल्यांचं काय, तुम्ही गेलात तर आम्हाला चिरडतील. लोक थांबले. तिथून हा एका गोदीचा संप राहिला नाही. एकवीस मागण्या प्लायवूडच्या फळ्यांवर लिहून गेटवर टांगल्या, ३१ ऑगस्टला सरकारने सही केली, आणि सोलिदार्नोश्च (सॉलिडॅरिटी) ही स्वतंत्र कामगार संघटना जन्माला आली, जिचे पुढे कोटीभर सभासद झाले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, धरपकड झाली, तरी १९८९ च्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि १९९० मध्ये तो इलेक्ट्रिशियन देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

गेटच्या मागे गंजलेल्या लोखंडाची, जहाजाच्या बाजूसारखी दिसणारी इमारत आहे, युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर, २०१४ मध्ये उघडलं. ऑडिओ गाइड घ्या. त्या प्लायवूडच्या फळ्या आत आहेत, युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहेत. मागण्या एकेक करून वाचा: पहिली स्वतंत्र युनियनची, पण खाली खाली बघत जा, पाळणाघरांत पुरेशा जागा, बाळंतपणाची तीन वर्षं रजा, घरासाठीची वाट कमी करा, शनिवारची सुट्टी. इतिहास बदलणाऱ्या कागदावर पाळणाघर. मी दरवेळी तिथे थांबते. किमान अडीच तास धरा, आणि शेवटी गच्चीवर जा, तिथून गोदी दिसते.

युद्धाचं म्युझियम आणि वेस्टरप्लाटे

दुसऱ्या महायुद्धाचं म्युझियम २०१७ चं, बाहेरून तिरका कललेला लाल बुरुज, पण प्रदर्शन सगळं जमिनीखाली चौदा मीटरवर. हे आणि गोदी एकाच दिवशी करू नका, हात जोडून सांगते. दोन्ही जड आहेत आणि दुसरं जे कराल ते डोक्यात शिरत नाही. इथे तीन तास कमीच पडतात. लहान मुलांसाठी वेगळा भाग आहे, वॉर्सातल्या एकाच कुटुंबाचं एकच घर युद्धाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दाखवलंय, कपाटं कशी रिकामी होत जातात ते. मोठ्यांनीही बघावं. जवळच जुनं पोलिश पोस्ट ऑफिस आहे, १ सप्टेंबर १९३९ ला तिथले टपाल कर्मचारी दिवसभर लढले, आणि शरण आलेल्यांना नंतर गोळ्या घातल्या.

महायुद्धाचे पहिले तोफगोळे पडले ती बंदराच्या तोंडाशी असलेली जागा म्हणजे वेस्टरप्लाटे. तिथे बसनेही जाता येतं पण उन्हाळ्यात बोटीने जा, जुन्या गावाच्या धक्क्यावरून सुटते, गोदीतून, किल्ल्यावरून, खऱ्या मालवाहू जहाजांच्या शेजारून जाते. सौजन्यभेटीच्या नावाखाली बंदरात आलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन ह्या जर्मन युद्धनौकेने इथल्या पोलिश चौकीवर तोफा डागल्या. आत सुमारे दोनशे सैनिक. सात दिवस टिकले. बराकीचे अवशेष तसेच ठेवलेत, वाकलेलं काँक्रीट, बाकी सगळं गवत आणि झाडं.

माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे मला इथे उभं राहिलं की वळिवडे आठवतंच. इथे जे युद्ध सुरू झालं त्यात पूर्व पोलंडवर सोव्हिएत सैन्य आलं, हजारो कुटुंबं सैबेरियाला पाठवली गेली, आणि त्यातलीच काही, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, शाळा, चर्च सगळं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे आणि वॉर्सातही आहे. इथल्या मोठ्या वयाच्या माणसांशी बोलताना कोल्हापूर म्हणून बघा, कधीकधी समोरचा चेहरा एकदम बदलतो.

लोकलने सोपोट, ग्दिन्या, ओलिवा

ग्दान्स्क, सोपोट, ग्दिन्या ही तीन शहरं एकाला एक चिकटलेली आहेत आणि लोकल त्यांना जोडते. एक दिवस असा करा. आधी ओलिवाला उतरा, कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातला ऑर्गन आहे, त्याच्यावरचे लाकडी देवदूत वाजवताना हलतात, तारे फिरतात, उन्हाळ्यात रोज छोट्या मैफली असतात, वेळ आधी बघून जा. मग सोपोट, युरोपातला सगळ्यात लांब लाकडी धक्का, अर्ध्या किलोमीटरच्या वर. समुद्रात पाय घाला, पोहायचं असेल तर ऑगस्टमध्ये, पाणी तेव्हाही गारच.

ग्दिन्या बरेच जण सोडतात, मी सोडू देत नाही. १९२० मध्ये हे हजार-बाराशे वस्तीचं मासेमारीचं खेडं होतं. डान्झिग बंदर आपल्या हातात पूर्ण येत नाही म्हटल्यावर पोलंडने शेजारीच स्वतःचं बंदर बांधायला घेतलं, आणि १९३९ पर्यंत लाखाच्या वरचं शहर उभं राहिलं. धक्क्यावर दार पोमोझा हे शिडाचं जहाज आणि ब्विस्काविट्सा ही विनाशिका, दोन्ही आतून बघता येतात. आणि प्रवासी बोटींच्या जुन्या स्थानकात स्थलांतराचं म्युझियम. इथून सुटणारी बातोरी ही प्रवासी बोट १९५१ पासून काही वर्षं ग्दिन्या ते मुंबई आणि कराची अशी चालायची. मुंबईच्या धक्क्यावर उभी राहिलेली बोट ह्याच थंड दगडांवरून निघायची, हे कळल्यापासून मला हे गाव परकं वाटत नाही.

मालबोर्कचा विटांचा किल्ला ट्रेनने पाऊण तासाच्या आतबाहेर, ट्युटॉनिक नाईट्सची राजधानी, युनेस्कोच्या यादीत. पूर्ण दिवस द्या, पायात बूट घाला.

तृणमणी घेताना

मार्यात्स्का गल्लीत सगळीकडे जे मधाच्या रंगाचे दागिने दिसतात ते अंबर, आपला जुना शब्द तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून हे नाव. चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा डिंक तो, वादळानंतर इथल्या किनाऱ्यावर सापडतो, लोक पहाटे बॅटरी घेऊन शोधायला जातात. घेण्याआधी मोठ्या पाणचक्कीच्या इमारतीतलं अंबर म्युझियम बघा, म्हणजे डोळा तयार होतो. खरा अंबर हाताला गरम आणि हलका लागतो, मिठाच्या घट्ट पाण्यात तरंगतो, काच बुडते. पण सगळी बनावट बुडत नाही, म्हणून महागडी वस्तू प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानातूनच घ्या, आणि हा अख्खा खडा आहे की चुरा दाबून केलेला ते सरळ विचारा. विचारलं की सांगतात.

खाणं

शाकाहारी उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या समजा, त्यात रुस्किए नावाचा प्रकार बटाटा आणि ताज्या चीजचा, मात्र वर कधीकधी डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात, म्हणून ऑर्डर देतानाच 'बेझ मिएन्सा' म्हणायचं, मांस नको. बटाट्याची थालीपिठं मिळतात, प्लात्स्की. बीटचं सूप बार्श्च स्वच्छ शाकाहारी वाटतं पण मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. मासे खाणाऱ्यांनी हेरिंग खा, कांदा आणि तेलातला. स्वस्तात पोटभर जेवायचं तर 'बार म्लेच्नी' शोधा, जुन्या काळची कामगारांची खानावळ, पुढे रांग, भिंतीवर यादी, घरच्यासारखं जेवण. तीन शब्द पाठ करा: जेन दोब्री म्हणजे नमस्कार, प्रोशे म्हणजे प्लीज, जेंकुये म्हणजे आभारी आहे. दुकानात शिरताना जेन दोब्री म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

शेवटची सकाळ

बॅग भरून झाली आणि दोन तास हातात असतील तर लांब बाजाराला लागून असलेल्या द्वुगा रस्त्यावर परत जा, पण ह्या वेळी घरांच्या समोर नाही, मागे. कुठल्याही कमानीतून आत वळा. पुढून सतराव्या शतकातले व्यापाऱ्यांचे वाडे आणि मागून पन्नासच्या दशकातल्या साध्या कामगार चाळी, लहान गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, मधोमध मोकळं अंगण, झाडं, घसरगुंडी. जुन्या काळी ही जागा मागच्या इमारतींनी गच्च भरलेली असायची, उजेडसुद्धा यायचा नाही. परत बांधताना त्या मुद्दाम बांधल्या नाहीत, मुलांना खेळायला आणि घरांना हवेला जागा ठेवली. मी ओळखते त्या एक आजी अशाच एका अंगणावरच्या घरात साठ वर्षं राहतायत, लहानपणी विल्नियसहून आलेल्या. त्या सांगतात की त्यांच्या बाबांनी ह्या रस्त्यावर विटा साफ करायचं काम केलंय, चुना खरवडून, एकेक वीट, परत लावण्यासाठी. बाकावर बसा, आवाज कमी ठेवा, लोकांच्या खिडक्यांचे फोटो काढू नका. कोपऱ्यावर बेकरी असेल तर गुलाबाच्या गुलकंदाचा पोंचेक, म्हणजे इथला डोनट, घ्या, गरम असतो तेव्हाच, आणि विमानतळाची गाडी पकडायला तासभर आधी उठा.